सव्वासात किलोचा गोळा

मदनसिंग राठोडच्या हाताची कीर्ती मानोरा तालुक्यात त्याच्या नावाच्या आधी पोचलेली. पोहरादेवीच्या रस्त्याला लागून एक पडीक वावर आहे, तिथं त्याची भरतीची अकॅडमी. पोलीस, सैन्य, केंद्राची दलं, सगळ्याची तयारी तिथं होते. वावराला कुंपण नाही की फाटक नाही, तरी तिथून कोणी पळून गेल्याचं कधी ऐकलं नाही. पळून जाणार तरी कुठं? घरी गेलं तर बापच मोटारसायकलवर मागं बसवून परत आणून सोडी, आणि जाता जाता सरांना सांगे की हात राखू नका, आमची काही तक्रार नाही. मदनसिंग हात राखणाऱ्यातला नव्हताच. त्याच्याकडं पीठगिरणीचा एक जुना पट्टा होता, दोन हात लांब, कडेचे दोरे निघालेला. उशिरा आला, फटका. धावताना मागं वळून पाहिलं, फटका. नखं वाढली, फटका. पट्टा हाताशी नसला तर पंजा होताच, आणि तो कानशिलात बसला की माणूस दुपारपर्यंत बधिर राही.

आता तुम्ही म्हणाल, असल्या कसायाकडं लोक लेकरं पाठवतातच कशाला? अहो, पाठवतात, कारण त्याच्या हाताखालची अकरा जणं आज खाकीत आहेत. ज्या घरांनी तीन पिढ्या ऊसतोडीपलीकडं काही पाहिलं नाही, त्या घरांत भिंतीवर पोलिसाची टोपी लटकू लागली. त्या टोपीपुढं पाठीवरचे वळ कोण बघतो? मीसुद्धा बघितले नसते, खोटं कशाला बोलू.

मार त्याच्या अंगवळणी लहानपणीच पडला होता. सात वर्षांचा असताना तो आईबापाबरोबर उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत राही. एकदा भरलेली गाडी उताराला कलंडली, बैलाचा पाय गेला. मुकादमानं विचारलं, मोळ्या कोणी रचल्या? सगळे गप्प. मग त्यानं उसाच्या कांडक्यानं सगळ्यांना ओळीनं झोडपलं, बायांनासुद्धा. मदनसिंगच्या आईचे दोन दात तिथंच मातीत पडले. रात्री कोपीत कुजबुज झाली तेव्हा पोराला कळलं की मोळ्या त्याच्या बापानं, हरिसिंगनंच रचल्या होत्या. त्या दिवसापासून तो बापाशी धड बोलला नाही. मारणाऱ्याचा त्याला राग आला नाही, हे ध्यानात घ्या. राग आला तो तोंडात मूग गिळून मागं उभं राहणाऱ्याचा, आणि तो राग पुढं आयुष्यभर पुरला.

मोठा झाला तो कबड्डीवर. डाव्या कोपऱ्यात उभा राही आणि चढाईला आलेल्याचा घोटा धरला की सोडत नसे, मग घोट्याचं काही होवो. स्वतःच्या दोन बरगड्या आणि नाक मोडून घेतलं, दुसऱ्यांचं किती मोडलं त्याला गणती नाही. पोलीस भरतीला तीनदा उभा राहिला. तिन्ही वेळा उंचीच्या पट्टीखाली अर्ध्या सेंटिमीटरनं कमी पडला. तिसऱ्या वेळी त्यानं मोजणाऱ्या शिपायाची कॉलर धरली आणि रात्रभर कोठडीत बसला. बाहेर आला तो हे ठरवूनच, की आपल्याला खाकी मिळाली नाही तर आपण खाकीची माणसं घडवू. घडवायची त्याची रीत एकच होती, ती वर सांगितली.

केंद्राच्या भरतीच्या पेपरात इंग्रजीचे वाक्प्रचार विचारतात. इंग्रजीचा मास्तर काही अकॅडमीत टिकेना, तेव्हा मदनसिंगनं स्वतः गाईड आणून वाचायला घेतलं. त्यातले बाकीचे वाक्प्रचार त्याच्या डोक्यावरून गेले, पण जे मैदानावर जन्मले होते ते मात्र त्याला सख्ख्या भावासारखे वाटले. निंबाला टेकवलेल्या फळ्यावर तो रोज एक लिही. ‘स्टेप अप टू द प्लेट’ म्हणजे जबाबदारी घ्यायला पुढं येणं. हा बेसबॉलमधला. मानोऱ्यात बेसबॉल कोणी बघितलाय? प्लेट कसली हे गाईडातही नव्हतं. मदनसिंगनं बुटाच्या टोकानं आपल्या पुढ्यात मातीत रेघ मारली आणि सांगितलं, प्लेट म्हणजे ही जागा. ‘ड्रॉप द बॉल’ म्हणजे सोपवलेलं काम हातून सोडणं. ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’, आता जे करायचं ते तूच करायचं. ‘टेक इट ऑन द चिन’ हा मुष्टियुद्धातला, म्हणजे कुरकुर न करता सोसणं. हा त्यानं विकास आडेच्या हनुवटीवर करून दाखवला. विकासला चार दिवस भाकर चावता आली नाही, पण परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा एकाचंही उत्तर चुकलं नाही.

सगळ्यांत लाडका ‘टेक वन फॉर द टीम’. आपल्या संघासाठी एक तडाखा आपल्या अंगावर घेणं. हाच वाक्प्रचार सगळे मिळून डिप्स मारताना ओरडत, रस्त्यानं जाणारे भाविक थांबून बघत.

आणि या शिकवणीवर त्याचा कायदा उभा होता. काही चुकलं की तो रांगेपुढं येऊन विचारी, कोणाची चूक? ज्याची असेल त्यानं एक पाऊल पुढं यायचं. आला तर एकट्याला मार. नाही आला तर ओळीनं सगळ्यांना, पोरी असोत की पोरं. वर्षभरात अशी वेळ आली नाही की कोणीच पुढं आलं नाही. मदनसिंगला याचा भारी अभिमान होता. लग्नाकार्यात बसला की तो हेच सांगे, आणि ऐकणारे माना डोलवत.

फेब्रुवारीतली गोष्ट. नवीन चव्हाण नावाचा बावीस वर्षांचा तरुण त्याच्या रांगेत डाव्या टोकाला पहिला उभा राही. आई भुरीबाई, बाप नाही. तिनं कोयता चालवून याला बारावी केलं. नवीनची मैदानी झाली होती, लेखी झाली होती, यादीत नाव लागलं होतं. राहिली होती फक्त मेडिकल, आणि तीही आठ दिवसांवर. ती झाली की हा बारावा. खरं तर त्यानं आता घरी बसून दूध प्यायला हरकत नव्हती. पण सरांचा दंडक होता की अंगावर वर्दी चढेपर्यंत रांग सुटत नाही, म्हणून तो रोज पहाटे सगळ्यांच्या आधी येई.

त्या दिवशी नुकतं फटफटलं होतं. पोरींची आठशे मीटरची फेरी सुरू होती. रंजीता जाधव सगळ्यांच्या पुढं होती, तीन आठवड्यांवर तिची मैदानी, आणि त्या दिवशी ती अशी सुटली होती की मदनसिंगनं घड्याळ बघून खुशीत मांडीवर थाप मारली. दुसऱ्या वळणावर ती एकदम तोंडावर आपटली. कडकन आवाज झाला तो निंबापर्यंत आला. जाऊन बघतात तर ट्रॅकवर, पांढऱ्या फक्कीच्या रेषेच्या आत, पोरांचा सव्वासात किलोचा लोखंडी गोळा पडलेला, आणि रंजीताचं पाऊल घोट्यापासून भलत्याच बाजूला वळलेलं. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती पायाकडं बघत राहिली. दोन पोरींनी तिला ऑटोत घालून मानोऱ्याला नेलं.

मदनसिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं गोळा उचलून आणून रांगेपुढं आदळला, मातीत वीतभर खड्डा पडला. गोळा जागेवर ठेवायचा हा तिथला पहिला नियम. त्यानं विचारलं, ट्रॅकवर कोणी टाकला?

कोणी पुढं आलं नाही.

त्यानं पुन्हा विचारलं, फळ्यावर पट्टा आपटून विचारलं. अठ्ठावीस जणं, आणि सगळे मातीकडं बघत उभे. वर्षभराचा त्याचा अभिमान एका मिनिटात पाण्यात गेला. मग त्यानं उजव्या टोकापासून सुरुवात केली. विकासला दोन, त्याच्या शेजारच्याला दोन. तिसरा हात जोडून बसला, त्याला बसल्या बसल्या चार. चौथी एक पोरगी होती, रंजीताच्याच गावची, तिची पाचावर धारण बसलेली. तिच्यावर पट्टा उगारला तोच डाव्या टोकाकडून नवीन एक पाऊल पुढं आला.

“सर, माही चूक.”

रांगेतल्या सगळ्यांना वाटलं, सुटलो. लाडका आहे, आठ दिवसांवर मेडिकल आहे, सर याला शिवी देऊन सोडतील. पण मदनसिंगला त्या क्षणी लाडकंबिडकं काही दिसत नव्हतं. उलट ज्याच्यावर सगळ्यांत जास्त भरवसा, तो दोनदा विचारेपर्यंत गप्प राहिला, हे त्याला जास्त झोंबलं. त्यानं पट्टा डाव्या हातात घेतला आणि उजवा पंजा पूर्ण उघडून नवीनच्या कानशिलात भडकावला. नवीन तिथल्या तिथं फिरला, पण पडला नाही. पट्टा पुन्हा उजव्या हातात आला. दुसरा फटका पाठीवर बसला, बनियन फाटलं. तिसऱ्यासाठी मदनसिंगनं हात खांद्याच्या वर नेला, आणि खांद्यात कळ आली.

तीच कळ त्याला तासाभरापूर्वी आली होती. रोज पहाटे कोणी यायच्या आधी मदनसिंग एकटा गोळा फेकून बघे. सेहेचाळीस वय झालं तरी हाताखालच्यांपेक्षा आपलं अंतर कमी पडू नये, एवढीच हौस. त्या दिवशी खांद्यात चमक भरली आणि गोळा तिरका जाऊन ट्रॅककडं घरंगळला. तेवढ्यात बायकोचा, रुपाबाईचा, फोन आला, मोटर बिघडली म्हणून. बोलत बोलत तो रस्त्याकडं गेला. गोळा उचलायचा राहिला तो राहिलाच.

हे सगळं हात वर असताना आठवलं. तिसरा फटका तोवर सुटलाच होता, तो थांबवणं माणसाच्या हातात नसतं, चला, मानू. पण चौथा? चौथा त्यानं मारला. कारण थांबलो तर का थांबलो हे सांगावं लागणार, आणि अठ्ठावीस जोडी डोळे समोर होते. पाचवा त्यानं जास्त जोरात मारला. सहाव्याला नवीन गुडघ्यावर आला, तेव्हा त्यानं लाथ घालून त्याला उभं केलं. मला विचाराल तर माणसाच्या जन्मात नीचपणाचा यापेक्षा खालचा तळ नसेल. आपली चूक समोरच्याच्या पाठीवर फुटतेय हे ठाऊक असून हात चालूच. सातवा, आठवा. नवव्याला त्यानं पट्टा फेकला आणि पुन्हा पंजा उचलला, पुन्हा त्याच कानावर.

नवीन पडला तो उठला नाही. कानातून रक्ताची बारीक धार गळ्यावर आली.

वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? मदनसिंगचं तोंड उघडायच्या आत नवीननंच सांगून टाकलं की कबड्डी खेळताना गुडघा लागला. मदनसिंगनं मान हलवली. तपासण्या झाल्या. पडदा फाटला होता, तो कदाचित भरून येईल. पण आत नसेला मार होता, डाव्या कानानं आता ऐकू येणार नाही. डॉक्टर तरुण होते, त्यांनी सहज विचारलं, काय करतोस? नवीननं सांगितलं, पोलिसात लागलो, मेडिकल राहिली. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

दोघं बाहेर बाकावर बसले. मदनसिंगनं चहा आणला, तो तसाच गार झाला. नवीन डोकं वळवून, उजवा कान पुढं करून बसला होता.

“सर, गोळा तुमी टाकला व्हता,” तो म्हणाला. “मी निंबामागं बूट बांधून राह्यलो व्हतो. मले दिसलं. तुमी मंग उचलला असन, असं वाटलं.”

नाकारावं असं क्षणभर मदनसिंगच्या मनात आलंही. पण निघालं ते वेगळंच.

“मंग तू काहून पुढं आला?”

“मले वाटलं, मी आलो की तुमी बी याल.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मदनसिंगला उत्तर देता आलं असतं, रागाशी त्याची जन्माची ओळख. हे कसं घ्यायचं ते त्याला कोणत्याच गाईडानं सांगितलेलं नव्हतं. तो उठला, रस्त्यावर जाऊन उगाच मोटारसायकल पुसत बसला.

आठ दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. रुपाबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा बायकोपुढं सगळं ओकला. ती हुशार बाई. तिनं सांगितलं की गप्प राहा, पोरगा स्वतः बोलत नाही तर तुम्ही कशाला बोलता, अकॅडमी बंद पडली तर बाकीच्या पोरापोरींनी कुठं जायचं? बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच त्याला त्याचा आधार घेता आला. मेडिकलच्या दिवशी तो सकाळपासून रस्त्यावर नजर लावून बसला. दुपारी नवीन एसटीतून उतरला आणि हातातला कागद न दाखवता घराकडं गेला. कागदावर काय असणार हे मदनसिंगला दवाखान्यातच कळलं होतं. तरीसुद्धा त्या पाठमोऱ्या माणसाकडं बघता बघता तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्यानं सगळ्यांना मैदानावर बोलावलं, आईबापांसकट. भुरीबाई आली, नवीन आला. रंजीताचे वडील आले. मदनसिंग रांगेपुढं उभा राहिला, पण पट्टा आणला नव्हता, आणि रिकाम्या हाताचं काय करावं हे त्याला समजेना. मग त्यानं एका दमात सांगून टाकलं. गोळा मी फेकला. मी विसरलो. रंजीताचा पाय माझ्यामुळं मोडला, नवीनचा कान मी फोडला, नवीनचा काही दोष नाही. तो कबड्डी खेळला नाही. आता तुम्ही पोलिसात जा, मला मारा, काय करायचं ते करा.

आणि मग मागून कोणीतरी टाळी वाजवली.

एकानं वाजवली, मग दहांनी, मग सगळ्यांनी. एका पालकानं शेजारच्याला सांगितलं, बघा, पोराची चूक मास्तर आपल्या डोक्यावर घेऊन राह्यला, असा माणूस सापडायचा नाही. दुसऱ्यानं डोळे पुसले. अरे, खरं बोलतोय तो, खरं! पण कोण ऐकतो? वर्षभर त्यानंच यांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं की मोठा माणूस दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेतो. मदनसिंग हात हलवून ओरडू लागला, शपथा घेऊ लागला, तशा टाळ्या वाढल्या. विकास आडे रांगेतून हसत पुढं झाला.

“सर, आमाले समजते,” तो म्हणाला. “टेक वन फॉर द टीम.”

मदनसिंगचा पंजा त्याच्या गालावर बसला तेव्हाच टाळ्या थांबल्या. विकासचा ओठ फुटला. त्यानं रक्त गिळलं, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, “चुकलो, सर.”

मदनसिंग स्वतःच्या तळहाताकडं बघत राहिला. त्या हाताची त्याला जन्मात पहिल्यांदा भीती वाटली.

तेवढ्यात भुरीबाई उठली. ती पुढं बसली होती, तिनं टाळी वाजवली नव्हती. कोयत्यानं अर्धं बोट गेलेला हात पदरानं झाकत ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. तिनं एकटीनंच त्याचं बोलणं खरं मानलं होतं.

“कवा आठवलं तुले?” तिनं विचारलं.

“तिसऱ्या फटक्याले, याडी,” तो म्हणाला. बंजाऱ्यांच्या तांड्यात आईला याडी म्हणतात.

“अन् मारले किती?”

“नऊ.”

तिनं मनाशी हिशेब केला. घाई केली नाही.

“मंग वरचे सहा कायचे व्हते?”

एवढा मोठा कबड्डीपटू, तीन माणसांचा दम असलेला, त्याला श्वास घेता येईना. सगळं मैदान ऐकत होतं. त्यानं खाली मान घातली नाही, एवढं एक त्याच्या बाजूनं सांगता येईल.

“माही लाज वाचवाले मारले,” तो म्हणाला.

भुरीबाईनं त्याला शिवी दिली नाही, मारलं नाही, तोंडावर थुंकलीही नाही. मदनसिंग तिच्या हाताची वाट बघत तसाच उभा राहिला. ती वळली आणि नवीन जिथं रस्त्याकडं तोंड करून उभा होता तिकडं गेली. त्याच्या डाव्या बाजूला थांबून तिनं घरी चल म्हणून हाक मारली. त्याला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा मारली. मग ती त्याच्या पाठीमागून वळसा घालून उजव्या बाजूला आली, आणि तिथून तिनं तेच परत, हळू आवाजात सांगितलं.